मागचा डावा जोड

नवा रायपुरातल्या नव्या इमारती तपासणं हे माझं काम. कंत्राटदार म्हणतो भिंत सरळ आहे, मी ओळंबा सोडते. तो म्हणतो प्लास्टर पक्कं आहे, मी किल्लीनं ठोकत भिंतीच्या कडेनं चालत जाते आणि जिथे आवाज पोकळ येतो तिथे खडूनं गोल काढते. कंत्राटदारांना मी फारशी आवडत नाही. सव्वीस वर्षांत मला एवढं मात्र पक्कं कळलं आहे की जी भिंत सगळ्यांत गुळगुळीत दिसते, तिच्यावर पुट्टी सगळ्यांत जाड असते.

त्यामुळे बाबांनी गाडी दुरुस्त करायला देताना पुट्टी नको अशी अट घातली तेव्हा ती मला लगेच समजली. बाबांच्या बऱ्याच अटी मला समजत नाहीत.

गाडी माझ्याहून वयानं मोठी आहे. गोल पाठीची, दुधी रंगाची, बाबांनी लग्नाच्या आधी नवी कोरी घेतलेली. जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यात, आमच्या घराच्या बाजूला दुकानांच्या मागे एक बोळवजा जागा आहे, तिथे ती ताडपत्रीखाली सात-आठ वर्षं उभी होती. बाबा दर रविवारी इंजिन चालू करून दहा मिनिटं ऐकत बसायचे. इंजिनाला काही झालेलं नव्हतं. पण दारांच्या खालच्या कडा गंजून त्यांची चाळणी झाली होती आणि मडगार्डमधून बोट आरपार जात होतं. मी म्हटलं भंगारात देऊ. बाबा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांना ऐकू कमी येतं, आणि काय ऐकू येऊ द्यायचं नाही हे तेच ठरवतात.

या सगळ्यामागे काका होते. काका म्हणजे बाबांचे मित्र, दोन गल्ल्या सोडून राहणारे. त्यांच्याकडेही तशीच जुनी गाडी आहे. तिच्यावर पुट्टी इतकी की एकदा गतिरोधकावर मडगार्डावरचा थर भाकरीसारखा सुटून रस्त्यावर पडला. काकांनी तो उचलून डिकीत ठेवला आणि पुढे गेले. बाबांनी ही हकीकत रायपुरातल्या प्रत्येक मराठी घरात जाऊन सांगितली. काहींकडे दोनदा. पुढे ते काकांच्या गाडीला शाडूची गाडीच म्हणायला लागले, तिचं विसर्जन कधी आहे असं चारचौघांत विचारायला लागले. आणि प्रत्येक वेळी शेवटी एक वाक्य ठरलेलं: माझ्या गाडीले कंपनीच्या बाहेर कोणाचा हातोडा लागला नाही. हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे.

थंडीत नवा रायपुरात जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. तिथले रस्ते इतके रुंद आणि इतके रिकामे आहेत की ताशी वीसनं जाणाऱ्या गाड्यांचा कोणाला त्रास होत नाही. मेळाव्यात दोन गट असतात. एक ओरिजिनल, म्हणजे गंजाची डागडुजी आणि रंग चालेल, पण अपघातानंतरची ठोकाठोकी झालेली नसावी. दुसरा रिस्टोर्ड, म्हणजे बाकी सगळे. काकांनी लागोपाठ दोन वर्षं त्यांची शाडूची गाडी ओरिजिनलमध्ये नेली आणि दुसऱ्या वर्षी बक्षीस घेऊन आले. चषक दाखवायला ते आमच्याकडे आले, चहा प्यायले, चषक टीपॉयवर ठेवून अर्धा तास बसले. ते गेल्यावर बाबा मला म्हणाले, गाडी करायची. पुढच्या मेळाव्याच्या आत.

अटी दोन. पुट्टीचा कण लागता कामा नये. आणि मागचा डावा जोड, म्हणजे छप्पर खाली उतरून मागच्या पत्र्याला मिळतं ती जागा, तिला कोणी हात लावायचा नाही. तो कंपनीचा जोड आहे, आतून शिसं भरलेला, असे आता कोणी करत नाही. मी दोन्ही अटी लिहून घेतल्या. उजव्या जोडाबद्दल बाबा काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, आणि मी स्वतःला तपासनीस म्हणवते.

शहरातल्या आठ-नऊ डेंटिंगवाल्यांना विचारलं. सगळ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांनी पुट्टी सांगितली. एकानं तर समजावलं की मॅडम, आजकाल पुट्टी पत्र्यापेक्षा मजबूत येते. मग गाडीत पत्रा कशाला घालतात, असं मी विचारलं. त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

शेवटी भनपुरीत एक म्हातारा मिस्त्री सापडला. ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यांत शेवटची टिनाची शेड त्याची. त्याच्या वडिलांचा भांड्यांना कल्हई करण्याचा धंदा होता. स्टीलची भांडी आली तसा हा गाड्यांकडे वळला आणि तेच काम पत्र्यावर करायला लागला. तो पुट्टी ठेवतच नव्हता. तत्त्व वगैरे काही नाही, त्याला पुट्टीच्या वासानं खोकला येतो.

बाबांना त्याच्याकडे नेलं. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलणं अख्ख्या भनपुरीनं ऐकलं. बाबांनी दोन्ही अटी सांगितल्या. मिस्त्री उठला, गाडीच्या मागच्या डाव्या बाजूला गेला, त्या जोडावरून अंगठा फिरवला, मग बाबांकडे बघितलं आणि म्हणाला, "हव बाबूजी. कंपनी के आय." हो, कंपनीचाच आहे, त्याच्या छत्तीसगढीत. बाबांनी मान हलवली. मला वाटलं, दोन जाणकार एकमेकांना ओळखतायत.

त्याचीही एक अट होती. बोलावल्याशिवाय यायचं नाही. मी दर शनिवारी जात होते.

काम बघण्यासारखं होतं हे मान्य करायला हवं. गंजलेला भाग कापून तो नवा पत्रा जोडायचा, मग जोडाची जागा घासून लख्ख करायची, गरम करून नवसागर लावायचा आणि त्यावर कथलाचा पातळ हात फिरवायचा, अगदी पातेल्याला कल्हई करावी तसा. मग शिसं आणि कथील मिसळलेली कांडी ज्योतीखाली धरायची. त्याला तो नुसतं रांगा म्हणे. ती लोण्याइतकी मऊ झाली की मोहरीच्या तेलात बुडवलेल्या लाकडी पट्टीनं थापत, सरकवत न्यायची. जरा जास्त आच लागली की सगळं ओघळून जमिनीवर आणि काम पहिल्यापासून. थंड झालं की कानस. पॉलिश पेपर नाही, कारण शिशाची धूळ नाकात जाते. एका दाराच्या खालच्या कडेला त्याला चार दिवस लागले. पुट्टीवाल्यानं तेवढ्यात चार गाड्या करून दिल्या असत्या, असं मी म्हणाले. त्यानं हव म्हटलं आणि कानस चालू ठेवली.

घरी गेलं की बाबांचा रोजचा प्रश्न: "पुट्टी तं नाही लावून राहिला ना तो?" मी नाही म्हणायचे. मग ते विचारायचे, आणि डावा जोड? मी म्हणायचे, हात लावलेला नाही.

मेळाव्याला तीन आठवडे उरले असताना काका घरी आले. बाबा आंघोळीला गेले होते. काकांनी खिशातून एक चपटं चुंबक काढून माझ्या हातात ठेवलं. त्यावर एका बाजूला फडकं चिकटवलेलं होतं, रंगाला ओरखडा नको म्हणून. हा माणूस स्वतःच्या गाडीजवळ चुंबक कधी नेत नसणार. ते म्हणाले, "पत्रा असला तं चिकटते. पुट्टी असली तं पडते. बापाच्या गाडीले लावून पाह्य एकदा, मले सांगू नको." आणि चहा न घेता निघून गेले. हे त्यांच्याबाबतीत प्रथमच घडत होतं.

मी शहाणी असते तर ते चुंबक फ्रिजवर लावलं असतं. पण कुठलीही वस्तू तपासण्याचं साधन हातात आलं की मला राहवत नाही. शनिवारी मिस्त्री जेवायला बसलेला बघून मी गाडीभोवती फिरायला सुरुवात केली. बॉनेटवर चिकटलं. छपरावर चिकटलं. दारांच्या मध्यावर चिकटलं. मागच्या डाव्या जोडावर ठेवलं आणि ते टपकन माझ्या चपलेवर पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. वीतभर जागा, त्यात कुठेच धरत नव्हतं.

ज्या जागेला हात लावायचा नाही असं ठरलेलं, नेमकी तिथेच पुट्टी. आमच्या खात्यात हे नेहमीचं आहे. ज्या खोलीला कुलूप असतं तिथेच स्लॅब गळतो. मी मिस्त्रीचं जेवण होईपर्यंत थांबलेसुद्धा नाही. त्याला उभं केलं, चुंबक टाकून दाखवलं, आणि हिंदीत, जरा चढ्या आवाजात, त्यानं बाबांना शब्द देऊन फसवलं असं बोलले. शेजारच्या शेडमधलं वेल्डिंग थांबलं. चाळीस वर्षं पुट्टी न ठेवणाऱ्या माणसाला त्याच्याच धंद्याच्या रस्त्यावर, त्याच्याच लोकांसमोर मी पुट्टीचोर म्हणत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. शेजारच्यांच्या आलं.

त्यानं हात धुतले. गमछानं पुसले. ज्योतीची बत्ती पेटवून जोडाकडे नेली. मी म्हटलं, हे काय करताय. तो म्हणाला, "पुट्टी होही त जरही. रांगा होही त टपकही."

जळलं नाही. आधी वरचा जुना रंग फुगून करपला, मग त्याखालून चकचकीत थेंब सुटायला लागले, पाऱ्यासारखे, आणि जमिनीवर पडून गोल गोल थिजले. पुट्टीचा वास नाही, धूर जो काय होता तो रंगाचा. चुंबक शिशालाही धरत नाही, ही साधी गोष्ट मला माहीत असायला हवी होती. शाळेत शिकवतात.

तोपर्यंत उशीर झाला होता. मिस्त्रीनं फडक्यानं उरलेलं शिसं पुसून काढलं आणि बाजूला झाला. मला वाटलं होतं, आता कंपनीचा जोड दिसेल आणि तो उघडायला लावल्याबद्दल मला बाबांसमोर उभं राहावं लागेल. कंपनीचा जोड कसा असतो हे मिस्त्रीनं मला आधीच उजव्या बाजूला आतून दाखवलं होतं: वेल्डिंगचे बारीक ठिपके, एका ओळीत, शिवणयंत्रानं टाकल्यासारखे. इथे तसं काही नव्हतं. पितळेनं डाख दिलेली एक वाकडी रेघ होती. तिच्याभोवती पत्र्यावर हातोड्याच्या खुणा, शेकडो, जवळजवळ. कधीतरी हा कोपरा चांगलाच आत गेला होता आणि कोणीतरी खूप धीरानं बाहेर काढला होता.

मी विचारलं, हे कोणी केलं. तो म्हणाला, माहीत नाही, पण हात चांगला होता. मी विचारलं, तुम्हाला हे केव्हा कळलं.

"मोला त पहिली दिन ले पता रिहिस."

पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तर मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या घरचं दार न वाजवता आत आले आहे. "बाबूजी कहिस कंपनी के आय," तो म्हणाला. "त कंपनी के आय."

मी त्याची माफी मागितली. मला ते चांगलं जमत नाही. शेजारच्यांनीही ऐकावं म्हणून जरा मोठ्यानं मागितली. तो हव म्हणाला, ताटापाशी परत जाऊन बसला, आणि उरलेला भात खाल्ला.

पुढच्या चार दिवसांत त्यानं तो जोड पुन्हा भरला. पुढच्या शनिवारी मी गेले नाही. बाबांनी रात्री जेवताना विचारलं, डावा जोड? मी म्हणाले, ठीक आहे. खोटं नव्हतं. ठीकच होता, आधीपेक्षा बरा.

डोक्यात मात्र एकच हिशेब चालू होता. पन्नासहून जास्त वर्षं बाबांनी एका माणसाला एका वाक्यावर छळलं होतं, आणि ते वाक्य वीतभर शिशाखाली दाबून ठेवलेलं होतं. ते आता मला माहीत होतं, मिस्त्रीला माहीत होतं आणि अर्थात बाबांना पहिल्यापासून माहीत होतं. काकांना माहीत नव्हतं. काकांना कळलं तर बाबांकडे काय उरणार होतं, याचा मी विचार करून बघितला. औषधं, पेपर आणि रविवारचं इंजिन.

मेळाव्याच्या चार दिवस आधी गाडी रंगून घरी आली. बाबांनी काठी भिंतीला टेकवली आणि गाडीवर हात ठेवून सावकाश फेरी मारली. दारं, मडगार्डं, डिकी. मागच्या डाव्या कोपऱ्यावर हात थांबला. बोटं एकदा वर गेली, एकदा खाली आली. दिसत त्यांना कमी असलं तरी या पत्र्याची त्यांना पाठांतरासारखी ओळख आहे.

"उघडला होता काय?"

मी हो म्हणाले. एका शनिवारी.

"काहून?"

चुंबक पडलं म्हणून, असं सांगितलं. चुंबक कुणाचं हे त्यांनी विचारलं नाही. हं म्हणाले आणि चहा मागितला. त्यानंतर चार दिवस मी त्यांच्या बोलण्याची वाट बघितली आणि ते माझ्या. दोघांनाही सवय आहे.

मेळाव्याच्या सकाळी गाडी मी चालवली. बाबा शेजारी कोट घालून, भनपुरीच्या मिस्त्रीला मागच्या सीटवर बसवलेलं. त्याला आणायचंच असा बाबांचा हट्ट होता. पोचलो तेव्हा काका आधीच नोंदणीच्या टेबलापाशी उभे होते, हातात कोरा फॉर्म, त्यांची गाडी मागे उन्हात चकाकत. इतकी गुळगुळीत की मी नजर वळवली.

टेबलावरच्या मुलीनं फॉर्म पुढे केला. बाबांचा हात थरथरतो, म्हणून लिहायचं आणि सहीही करायची मलाच. मालकाचं नाव, गाडीचं वर्ष, नंबर. मग दोन चौकोन: ओरिजिनल, रिस्टोर्ड. त्याखाली, वरील माहिती सत्य आहे, आणि सहीची जागा.

आयुष्यात मी एकाही खोट्या कागदावर सही केलेली नाही. एका पुलाच्या कागदासाठी माझी बदली झाली होती, तरी केली नाही. काका माझ्या खांद्यावरून बघत होते. मी ओरिजिनलवर खूण केली आणि सही करायला पेन खाली नेलं. सोपं गेलं, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच सोपं.

"खोड ते," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, राहू द्या बाबा.

"खोड म्हणतो ना. दुसरं लिव."

मी खोडलं. काका पुढे सरकले. "काहून खोडून राहिली ते?"

बाबांनी काठीवरचे हात बदलले. "ठोकली होती मी," ते म्हणाले. "घेतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मागं घेता घेता विजेच्या खांबाले. नागपूरले नेऊन करून आणली, इथं कोणाले समजू नये म्हणून."

टेबलावरची मुलगी वर बघत होती. तिला मराठी येत नसावी, पण काहीतरी चाललं आहे एवढं कळत होतं. मिस्त्री दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीच्या चाकाकडे बघत होता. काकांनी हातातला कोरा फॉर्म टेबलावर ठेवला.

"म्हणजे हातोडा लागला."

"लागला."

"मंग पन्नास वर्षं मले काहून बोलून राहिला होता तू?"

बाबांना हा प्रश्न खरोखरच समजला नाही असं दिसलं. "तुयी पुट्टी आहे," ते म्हणाले. "माझं शिसं आहे."

काकांनी मिस्त्रीकडे वळून, त्याची ओळख नसताना, विचारलं की आपल्या गाडीची सगळी पुट्टी काढून रांगा भरायचा असेल तर काय करावं लागेल. मिस्त्रीनं त्यांच्या गाडीकडे नुसतं लांबून बघितलं आणि म्हणाला की काढता येईल, पण काढल्यावर भरायला खाली काही असायला हवं. बाबांना हे बरोबर ऐकू आलं.

मी रिस्टोर्डच्या चौकोनात खूण केली, सही केली, आणि खोडलेल्या जागी वेगळी छोटी सही केली. आमच्याकडे खाडाखोड झाली की तिथे सही लागते. मुलगी म्हणाली, मॅम, उसकी ज़रूरत नहीं है. मी म्हटलं, है.

माझ्यानंतर काकांनी पेन घेतलं. त्यांनी फॉर्मवर कुठे खूण केली ते मी बघितलं नाही. तो कागद तपासणं माझ्याकडे नव्हतं. मी गाडी रिस्टोर्डच्या बाजूला नेऊन लावली. तिथे गाड्या दुप्पट होत्या आणि सावली नव्हती.